जळकोटवर मारलेला शेरा

गौरीशंकर स्वामींनी उभ्या आयुष्यात फुटबॉलला पाय लावला तो एकदाच, आणि तोही गल्लीतल्या पोरांचा चेंडू गटारात जाऊ नये म्हणून. चेंडू वाचला, स्वामींची चप्पल गटारात गेली. एवढ्या अनुभवावर माणूस जिल्ह्याचा फुटबॉलतज्ज्ञ कसा होतो, हे नळदुर्गात कुणालाही विचारा, प्रत्येक जण वेगळं सांगेल. खरं घडलं ते असं.

स्वामी एका सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक. ऑफिसात त्यांचं नाव होतं ते ड्राफ्टसाठी. कुठल्याही पत्राचा कच्चा मसुदा, म्हणजे ऑफिसच्या भाषेत ड्राफ्ट, लिहावा तर स्वामींनीच. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथून सुटलेलं त्यांचं वाक्य सगळं पान फिरून तळाशी येऊन टेकायचं आणि वाटेत कुणालाही कसलंही आश्वासन द्यायचं नाही. साहेब कौतुकानं म्हणायचे, "स्वामींचं पत्र वाचणारा समाधानानं घरी जातो. घरी गेल्यावर त्याच्या ध्यानात येतं, की हातात काहीच नाही."

एके दिवशी साहेबांकडं आरिफ आला. बसस्टँडजवळ त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान. जिल्ह्यातल्या चार गावांचे चार फुटबॉल संघ उभे करून त्यानं स्पर्धा चालू केली होती: नळदुर्ग, जळकोट, ढोकी आणि तुळजापूर. आधी खेळाडूंचा लिलाव करून झाला होता, त्यात खेळापेक्षा हाणामारीच जास्त झाली. म्हणून यंदा त्यानं परदेशातली पद्धत आणली होती. सगळ्या खेळाडूंची नावं फळ्यावर लिहायची, मागल्या साली शेवटी आलेल्या संघानं पहिल्यांदा एक खेळाडू उचलायचा, मग त्याच्या वरच्या संघानं, आणि अशा फेऱ्या चालू ठेवायच्या. या उचलाउचलीला तिकडं ड्राफ्ट म्हणतात. आणि ड्राफ्ट झाला की तिकडचे तज्ज्ञ लोक प्रत्येक संघाला गुण देतात. कुणी संघ सुधारला, कुणी बिघडवला ते लिहितात.

"तर सर," आरिफ साहेबांना म्हणाला, "ड्राफ्टमधला कुणी जाणकार हाय का तुमच्या ओळखीत?"

"ओळखीत कशाला? ऑफिसातच हाय की!" साहेब म्हणाले, आणि त्यांनी घंटी वाजवली.

स्वामी आत आले. "रविवारी ड्राफ्ट हाय, तुमी पाहिजे," एवढंच आरिफनं सांगितलं. साहेबांदेखत आपलं नाव काढलं जातंय म्हणताना स्वामींची छाती अंमळ पुढं आली. ते म्हणाले, "येतो की. कागद मीच आणतो. लोकांचे कागद जाड नसतात."

रविवारी मंगल कार्यालयात पाऊल टाकताच दोघांनी त्यांना धरून व्यासपीठावर नेलं, गळ्यात हार घातला आणि माइकवर पुकारलं, "ज्येष्ठ ड्राफ्टतज्ज्ञ, माननीय गौरीशंकर स्वामीसाहेब!" टाळ्या वाजल्या. समोर पाहतात तर ट्रॅकपँट घातलेली पोरं, शिट्ट्या आणि फळ्यावर नावंच नावं. काहीतरी घोटाळा झालाय हे स्वामींना त्याच क्षणी कळलं. पण हार गळ्यात पडल्यावर 'मी तो नव्हे' म्हणणं मोठं अवघड असतं. हार काढून परत द्यायचा म्हटलं तर कुणाच्या हातात द्यायचा, इथपासून अडचण. शिवाय पहिल्या रांगेत त्यांची बायको अयोध्या आणि शेजारचे दादामियाँ बसले होते. दादामियाँ म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना कळलेली बातमी पुढच्या थांब्याच्या आत सगळ्या गाडीला कळते. स्वामी बसून राहिले.

आणि हळूहळू त्यांना तो प्रकार आवडायला लागला. पाळीपाळीनं नावं उचलायची, उचललेलं नाव फळ्यावरून पुसायचं, हरकत घ्यायची, हरकत फेटाळायची. हे तर थेट बदल्यांच्या समुपदेशनासारखं होतं! पायांचा काही संबंधच नव्हता.

मागल्या साली जळकोट शेवटी आलं होतं, म्हणून पहिली पाळी त्यांची. त्यांच्याकडून उठल्या महानंदा दुधभाते. जळकोटच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका. संघ त्यांनीच सांभाळलेला. सगळ्या सभागृहाला वाटलं, आता त्या एखादा गोल मारणारा वाघ उचलणार. त्यांनी उचलला बिरू, मेंढरं राखणारा गोलकीपर. सभागृहातून "अर्रर्र" निघालं. पुढच्या फेऱ्यांत त्यांनी आणखी बचाववालेच घेतले. त्यातला माणिकप्पा तर भिंतीसारखा, दोन पावलं चालला की दम खाणारा. उलट ढोकीच्या धनाजीनं, जो कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचा मालक होता, सगळेच्या सगळे गोल मारणारे घेतले. त्याच्या प्रत्येक नावाला शिट्ट्या पडत होत्या. नळदुर्गनं थोडं इकडचं, थोडं तिकडचं घेतलं. तुळजापूरनं एकमेकांचे मेहुणे घेतले.

आता मूल्यमापन. स्वामी घरी कागद घेऊन बसले, तर सल्ला द्यायला गल्ली हजर.

"सगळ्यांस्नी पास करून टाका स्वामी," दादामियाँ म्हणाले. "कायकू दुश्मनी घ्यायची? मी तीस वर्षं गाडीवर कुणालाच वाईट न्हाय म्हनलं. सुट्टे नसले तरी."

"चाचा, मूल्यमापन म्हणजे जबाबदारी असते," स्वामी म्हणाले.

अयोध्या लसूण सोलत होती. ती म्हणाली, "घरात काय संपलंय ते बगितल्याबिगर बाजार चांगला केला का वाईट केला, ते कसं सांगायचं ओ?"

स्वामींनी तिच्याकडं दयेनं पाहिलं. इथं जिल्ह्याच्या फुटबॉलचं भवितव्य ठरत होतं आणि हिचं चित्त डाळीच्या डब्यात.

फुटबॉलचं त्यांना काही कळत नव्हतं, पण गोपनीय अहवाल लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. कर्मचाऱ्याचा अहवाल असतो तसाच त्यांनी संघांचा लिहिला. ढोकीला 'अत्युत्कृष्ट, धडाडी वाखाणण्याजोगी'. नळदुर्गला 'उत्कृष्ट', कारण राहायचं तिथंच होतं. तुळजापूरला 'साधारण, परस्परसंबंध सलोख्याचे'. आणि जळकोटला? ज्या माणसानं नुसतं एका जागी उभं राहायचं, त्याच्यासाठी पहिली पाळी वाया घालवली, हे काही स्वामींना पटलं नव्हतं. एका जागी बसून राहणारे त्यांच्याही ऑफिसात होते, त्यांना कुणी पहिल्या फेरीत मागितलं नसतं. त्यांनी लिहिलं, 'निकृष्ट. सुधारणेस वावही आढळून येत नाही.'

हे वाक्य त्यांना फार आवडलं. दोनदा मोठ्यानं वाचलं.

आपला कागद आरिफच्या फाइलीत जाईल आणि तिथंच सुखानं पिवळा पडेल, अशी त्यांची समजूत होती. सरकारी कागदाचा तोच धर्म. पण आरिफनं त्याचा फ्लेक्स केला. चांगला भिंतीएवढा फ्लेक्स बसस्टँडसमोर लागला आणि त्यावर स्वामींचा, ओळखपत्रावरचा, डोळे फाटलेला फोटो. फोटोशेजारीच ठळक अक्षरात 'निकृष्ट' आलं होतं. जळकोटचं नाव त्याखाली बारीक होतं, त्यामुळं लांबून पाहणाऱ्याला वाटे, की हा शेरा स्वामींवरच आहे.

जवळून पाहणारे मात्र जळकोटचे होते. जळकोटची भाजीवाली कोथिंबीर निवडून ठेवायची ती बंद झाली. एसटीत जळकोटच्या माणसानं त्यांच्यासाठी सरकून जागा केली आणि स्वामी बसायच्या आत स्वतःची पिशवी ठेवली. आणि शुक्रवारी ते दाढीला गेले. सलूनवाला मूळचा जळकोटचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एक गाल झाला. मग त्यानं वस्तरा पुसला, डबीत ठेवला आणि खुर्ची सरळ केली.

"अरे, दुसरा गाल?"

"जळकोटचं काम निकृष्ट असतंय सर," तो नम्रपणे म्हणाला. "सुधारायला वावबी न्हाय म्हनं."

अर्ध्या दाढीनं भरबाजारातून घरापर्यंत जाणं म्हणजे काय, हे ज्याला करावं लागलंय त्यालाच कळेल. स्वामींनी रुमाल गालावर धरला. भेटलेल्या प्रत्येकानं "दाढ दुखती का?" म्हणून विचारलं आणि लवंगेपासून सोलापूरच्या डॉक्टरपर्यंत सगळे उपाय सांगितले.

सोमवारी ऑफिसात महानंदाबाई आल्या. साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला. विषय : प्रतिकूल शेरे रद्द करणेबाबत. नियम असा आहे, की वाईट शेरा मारला तर ज्याच्यावर मारला त्याला तो कळवावा लागतो आणि सुधारायची संधी द्यावी लागते. हा नियम स्वामी स्वतः सगळ्या ऑफिसाला पाठ म्हणून दाखवायचे.

साहेबांना अशा गमतीची हौस. त्यांनी अर्जावर लिहिलं, 'श्री. स्वामी, अभिप्राय द्यावा.' म्हणजे स्वामींविरुद्धचा अर्ज स्वामींकडंच अभिप्रायाला आला. स्वामींनी पुष्कळ विचार करून लिहिलं, 'वरिष्ठांनी निर्णय घ्यावा.' साहेबांनी खाली लिहिलं, 'सुट्टीच्या दिवशी, स्वखुशीने, प्रत्यक्ष पाहणी करावी.' अर्ज टेबलावरून टेबलावर जाईपर्यंत महानंदाबाई तिथंच बसून होत्या, कारण दोन्ही टेबलं एकाच खोलीत होती.

"रविवारी सकाळी या सर," त्या उठताना म्हणाल्या. "बूट घालून या. चपला नकोत."

रविवारी स्वामी जळकोटला गेले. पाहणीला गेलेला माणूस कसा हात मागं बांधून, मान हलवत फिरतो, तसे मैदानात फिरायला लागले. तेवढ्यात "सर, खालीऽऽ!" असा आवाज आला. 'खाली' म्हणजे काय खाली, हे पाहायला ते वळले, आणि चेंडू थेट पोटावर. बिरूनं मारलेला होता. स्वामी जिथं होते तिथंच बसले. बिरू धावत आला, त्यानं स्वामींना काखेत धरून कोकरू उचलावं तसं उभं केलं आणि त्यांची पाठ चोळली.

"लागलं न्हाय न्हवं सर?"

"नाही," स्वामी म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आला.

पण पाहणीत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बिरूच्या हातून चेंडू सुटत नव्हता. तो ओरडला की बचाववाले मेंढरांसारखे एका बाजूला सरकायचे, आणि माणिकप्पा मधे उभा राहिला की पलीकडचं मैदान दिसत नसे.

"मागल्या साली आमची पोरं बरी खेळायची सर," महानंदाबाई म्हणाल्या, "पण गोल खाऊन खाऊन दमायची. खाणं थांबवायचं म्हणून हे सगळे घेतले. आमच्या घरात जे नव्हतं, तेच आणलं. याला निकृष्ट म्हणता?"

घरात काय संपलंय ते बघितल्याशिवाय... हे वाक्य आपण कुठं ऐकलं, ते स्वामींना आठवलं आणि त्यांनी ते लगेच विसरायचा प्रयत्न केला.

त्यांनी मग सामने पाहायला सुरुवात केली. महानंदाबाईंनी त्यांना खेळ शिकवला. चेंडू यायच्या आधीच पुढं जाऊन थांबणं हा या खेळात गुन्हा आहे, हे कळल्यावर स्वामींना फुटबॉलबद्दल आदर वाटला. वेळेआधी येऊन बसणाऱ्यांबद्दल त्यांच्या ऑफिसचंही तेच मत होतं. जळकोटचा पहिला सामना शून्य-शून्य सुटला, दुसराही तसाच. जळकोट गोल खात नव्हतं आणि मारतही नव्हतं. तिकडं ढोकी प्रत्येक सामन्यात ढिगानं गोल मारायची आणि त्याहून मोठ्या ढिगानं खायची. 'अत्युत्कृष्ट' ढोकी हरत होती. बसस्टँडसमोरचा फ्लेक्स मात्र अजून उभाच होता, आणि येणारे-जाणारे आता ढोकीच्या नावाकडं बोट दाखवून हसत होते.

आपल्या लेखणीचं असं हसं व्हावं, हे स्वामींना सहन होईना. जेवताना ते एकदम थांबले. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"आपसी बदली!" ते ओरडले.

"कुठं?" अयोध्या दचकली. "पोरीची बारावी हाय यंदा!"

"माझी नव्हे, माणिकप्पाची!"

आपसी बदली म्हणजे दोन कर्मचाऱ्यांनी राजीखुशीनं एकमेकांच्या जागी जाणं. जळकोटकडं बचाववाले उतू चाललेत, ढोकीकडं गोल मारणारे. एकेक इकडचा तिकडं केला की दोन्ही घरांत डाळ-तांदूळ दोन्ही आलं. स्वामी धावतच आरिफच्या दुकानात गेले. आरिफ म्हणाला, "स्वामीसाहेब, आपल्या नियमात अशी सोय न्हाय."

"मनाई आहे का?"

"मनाईबी न्हाय."

"मग सोय आहे," स्वामी म्हणाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा मुद्दा ते पहिल्यांदाच लोकांच्या बाजूनं वापरत होते. त्यांना फार बरं वाटलं.

रविवारी आरिफच्या व्हॅनमधून ते, महानंदाबाई आणि माणिकप्पा असे ढोकीला निघाले. माणिकप्पा मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन, सासरी निघालेल्या नवरीसारखा खाली मान घालून बसला होता.

"सर, माझं काय चुकलं?" त्यानं विचारलं. "माझी बदली कामून?"

"चुकलं म्हणून नाही रे. जनहितार्थ."

"जन म्हंजे कोन?"

स्वामींनी खरं तेच सांगितलं. "सध्या मी."

ढोकीजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि एक ट्रॉली रस्त्यात आडवी पडलेली. व्हॅन अडकली. वाट मोकळी करायला माणिकप्पा उतरला, उसाच्या मोळ्या बाजूला टाकायला लागला, आणि तिथंच, आपल्या ट्रॉलीपाशी शिव्या देत उभ्या असलेल्या धनाजीनं त्याला पाहिलं.

"ह्यो कोन?" धनाजी म्हणाला. "ह्यो गोलाम्होरं हुबा ऱ्हायला तर चेंडू जाईल कुठनं?"

"तोच द्यायला आलो आहोत," स्वामी म्हणाले.

धनाजी खूश झाला. पण बदल्यात सुरज मागितल्यावर बिथरला. सुरज वाऱ्यासारखा पळणारा पोरगा. ढोकीकडं पुढं खेळणारे इतके होते, की तो बिचारा कायम बाकावर बसलेला. तरीही धनाजी म्हणे, "सुरज द्यायचा न्हाय. आमची अब्रू हाय ती."

"बाकावर बसवलेली अब्रू?" महानंदाबाई म्हणाल्या, आणि काम बिघडलं. धनाजीनं पाठ फिरवली.

इथं स्वामींची विद्या उभी राहिली. त्यांनी उसाच्या ट्रॉलीच्या फळीवर कागद ठेवला आणि ड्राफ्ट लिहिला. मग घसा साफ करून वाचला, "उपरोक्त विषयास अनुसरून, ढोकी संघाकडे आक्रमणाचे सामर्थ्य गरजेपेक्षा अतिरिक्त झाल्याने, जळकोटसारख्या उपेक्षित संघास त्यातील एक अंश प्रदान करण्याचे औदार्य मा. धनाजीराव यांनी दाखविले असून, त्याबद्दल कृतज्ञता म्हणून जळकोट संघ आपला आधारस्तंभ त्यांच्या चरणी..."

"परत वाचा," धनाजी म्हणाला.

स्वामींनी परत वाचलं. 'औदार्य'पाशी धनाजीनं मिशीवरून हात फिरवला. 'उपेक्षित'पाशी महानंदाबाईंचं तोंड कडू झालं, पण स्वामींनी डोळ्यांनी गप्प केलं. धनाजीनं सही केली. येताना मागच्या सीटवर सुरज होता आणि तो नळदुर्ग येईपर्यंत हसत होता.

त्यानंतर काय झालं ते जिल्ह्यानं पाहिलं. सुरजनं पहिल्याच सामन्यात तुळजापूरला गोल मारला. मेहुणे एकमेकांकडं बघत राहिले. ढोकीत माणिकप्पा उभा राहिला आणि ढोकीचं खाणं थांबलं. उपांत्य सामन्यात जळकोटनं नळदुर्गला, स्वामींच्या स्वतःच्या गावाला, हरवलं. त्या संध्याकाळी गल्लीत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. एकटे दादामियाँ कठड्यावरून म्हणाले, "स्वामी, बोरी नदीचं पानी पिऊन जळकोटला गोल दिलाव. हौ, खेळात चालतंय. पन आमचं दिल दुखलं."

आणि अंतिम सामना आला तो जळकोट विरुद्ध ढोकी. ज्यांच्यात बदली घडवली तेच दोघं.

नदीच्या अंगाच्या मैदानावर माणूस मावत नव्हता. नळदुर्गची सगळी माणसं स्वामींवरच्या रागापायी ढोकीच्या बाजूला जाऊन बसली. स्वामी जळकोटच्या बाजूला, महानंदाबाईंशेजारी. सामना सुरू झाला. माणिकप्पाला सुरजची प्रत्येक चाल ठाऊक व्हायला लागली. सुरज उजवीकडं गेला की माणिकप्पा तिथं. डावीकडं गेला की तिथंही माणिकप्पाच. जळकोटची माणसं आता सामना सोडून स्वामींकडं पाहायला लागली.

"असला मानूस दिला कुनी ओ त्यास्नी?" मागून एक जण मोठ्यानं म्हणाला.

"ह्येनीच की. ड्राफ्टतज्ज्ञ!"

ढोकीच्या पोरांनी गोलवर मारा लावला. बिरू उजवीकडं झेपावला, डावीकडं झेपावला, एकदा तर तोंडानंच चेंडू अडवला. शून्य-शून्य. उन्हं कलली. पंच घड्याळाकडं बघायला लागले. स्वामींनी उभं आयुष्य 'निर्णय प्रलंबित' या दोन शब्दांवर सुखानं काढलं होतं. त्या दिवशी त्यांना ते शब्द पहिल्यांदा चावले.

तेवढ्यात ढोकीनं कोपऱ्यावरून चेंडू टाकला. ढोकीला घाई झाली होती. माणिकप्पासुद्धा डोक्यानं गोल मारायच्या हौसेनं पुढं आला होता. सगळी गर्दी बिरूपुढं. बिरूनं गर्दीवरून हात घातला, चेंडू छातीशी ओढला आणि बघता बघता दांडगा हात मागं नेऊन अर्ध्या मैदानापलीकडं भिरकावला. सुरज तिथं होता. वेळेआधी नव्हता, बरोबर वेळेवर होता. तो सुटला. माणिकप्पा उलटा फिरून त्याच्यामागं लागला, आणि स्वामींच्या तोंडून, ज्या तोंडून कधी चढा स्वर निघाला नव्हता, एक आरोळी निघाली.

"पळ रे सुरज! माझ्या नोकरीची शपथ आहे तुला!"

सुरज पळाला. माणिकप्पा दोन पावलं मागं राहिला, दमला, थांबला. गोलकीपर पुढं आला, सुरजनं चेंडू त्याच्या बाजूनं सरकवला आणि जाळं हललं.

पुढचं काही स्वामींना नीट आठवत नाही. आपण महानंदाबाईंच्या पिशवीवर उभं राहून नाचलो, हे त्यांना नंतर लोकांनी सांगितलं. त्यांनी ते नाकारलेलं नाही. एक मात्र त्यांना लख्ख आठवतं. माणिकप्पा घामाघूम होऊन त्यांच्याकडं आला. स्वामींना वाटलं, पोरगं रडणार. पण तो दोन्ही हात पसरून हसत म्हणाला, "सर, ढोकीत मला लई मान हाय. मला कुनी हरवलं न्हाय आजपतोर, जळकोट सोडून. आपलंच गाव जितलं न्हवं?" आणि त्यानं स्वामींना असं मिठीत घेतलं, की त्यांच्या खिशातलं पेन मोडलं.

बक्षिसाच्या वेळी महानंदाबाईंनी माइक त्यांच्या हातात दिला. "सर, आमच्या अर्जाचं काय झालं?" स्वामी उठले. "जळकोट संघावर मारलेला शेरा," ते म्हणाले, "याद्वारे रद्द करण्यात येत आहे. या संघाने घरात काय नाही ते ओळखून निवड केली. शेरा मारणाराच अपुऱ्या माहितीवर होता." मग त्यांनी जोडलं, "त्याच्यात आता सुधारणा आढळून येत आहे." एवढा टाळ्यांचा कडकडाट झाला, की ढोकीच्या बाजूला बसलेले दादामियाँही उठून "क्या बात है!" म्हणाले आणि तरातरा मैदान ओलांडून स्वामींशेजारी येऊन उभे राहिले.

जळकोटच्या पोरांनी स्वामींना उचललं. धनाजीनं हरूनही आपला ट्रॅक्टर दिला. औदार्याची त्याला आता सवय लागली होती. ट्रॉलीत चषक घेतलेला बिरू, सुरज, महानंदाबाई, अयोध्या, दादामियाँ, आणि सगळ्यांच्या वर, उलट्या ठेवलेल्या भाजीच्या कॅरेटवर, गळ्यात हार आणि कपाळभर गुलाल घेऊन गौरीशंकर स्वामी. मिरवणूक हायवेवरून जळकोटकडं निघाली. हलगीवाले पुढं, पोरं नाचतायत, मागं हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग धाब्यांपर्यंत लागलेली. एरवी त्या रस्त्यावर कुणी थांबलं तर ट्रकवाले शिव्या देतात. पण त्या दिवशी एक दांडगा ट्रकवाला केबिनमधून अर्धा बाहेर आला आणि मोठ्यानं विचारलं, "कौन जीता भाई? इलेक्शन था क्या?"

"हमारे सर जीते!" बिरू चषक उंचावून ओरडला.

"कितने से?"

"एक से!"

"एक वोट से!" ट्रकवाल्याचे डोळे मोठे झाले. "वाह साहब, वाह! इसको बोलते जीतना!" त्यानं कर्णकर्कश हॉर्न दिला. मागच्या ट्रकनं दिला, त्याच्या मागच्यानं दिला, आणि थेट नळदुर्गच्या किल्ल्यापर्यंत हॉर्न वाजत गेले.

अयोध्यानं स्वामींच्या शर्टाचं टोक ओढलं. "अहो, काय तरी सांगा की त्यास्नी. मानूस येगळंच समजलाय."

"राहू दे," स्वामी म्हणाले. मग ते कॅरेटवर नीट उभे राहिले, गुलाल लागलेला चष्मा सरळ केला, आणि ट्रकांच्या त्या लांबच लांब रांगेला दोन्ही हात जोडले.